युद्धनौका कोणाच्या हुकमात? चीनच्या किनाऱ्यावरील दूत आणि अ‍ॅडमिरल

प्रश्न असा विचारला गेला आहे : दुसऱ्या अफू युद्धात (१८५६-६०, ब्रिटन व फ्रान्स विरुद्ध चीन) लॉर्ड एल्गिन हा ब्रिटिश सरकारचा पूर्णाधिकारी दूत होता, तरीही १८५८ च्या वसंतात त्याला अ‍ॅडमिरल सर मायकेल सेमूरच्या गनबोटींसाठी (उथळ पाण्यात चालणाऱ्या लहान युद्धनौकांसाठी) कित्येक आठवडे खोळंबून का राहावे लागले? दूताचा दर्जा वरचा असताना अ‍ॅडमिरलने त्याचे ऐकले नाही, हा स्वभावाचा दोष होता की व्यवस्थेचा?

माझे उत्तर प्रथम सांगतो. दोष मुख्यतः व्यवस्थेचा होता. एल्गिनला सेमूरला हुकूम देण्याचा अधिकारच नव्हता. तो केवळ मागणी करू शकत होता. मात्र नौदलाचा इतिहास शिकवताना मला नेहमी याच्या पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटत आली आहे. वरच्या पातळीवर दूत आणि अ‍ॅडमिरल एकमेकांना अडवून धरत असताना, खालच्या पातळीवर एखादा तरुण कॉन्सल (परदेशी बंदरातला सरकारी प्रतिनिधी) आणि त्याच्या म्हणण्याला होकार देणारा एखादा लेफ्टनंट मिळून लंडनला न विचारता तोफा डागू शकत होते. जहाजांवर ताबा कोणाचा, या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये सापडते.

व्यवस्था काय होती ते आधी पाहू. दूताला आदेश येत ते लंडनच्या परराष्ट्र खात्याकडून, आणि अ‍ॅडमिरलला येत ते अ‍ॅडमिरल्टीकडून, म्हणजे नौदल खात्याकडून. ही दोन्ही खाती एकाच मंत्रिमंडळाला जबाबदार होती, पण ते मंत्रिमंडळ हजारो मैलांवर होते आणि सुएझच्या मार्गाने जाणाऱ्या टपालाला हाँगकाँगहून लंडनला पोहोचायला सुमारे दोन महिने लागत. म्हणजे दोघांत मतभेद झाला आणि निवाडा मागवला, तर उत्तर येईपर्यंत चार महिने आणि एक मोसम निघून जाई. बळाचा वापर करायचा की नाही आणि कशासाठी करायचा, हे दूताने ठरवायचे; तो कधी, कोणत्या जहाजांनी आणि कसा करायचा, हे नौदलाच्या व लष्कराच्या सेनापतींनी ठरवायचे, अशी एल्गिनच्या काळातली विभागणी होती. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. परंतु ‘कधी’ हा प्रश्न वाटाघाटीचा असतो तितकाच समुद्राचाही असतो, आणि भांडण नेमके तिथेच होई. हाँगकाँगच्या गव्हर्नरच्या अधिकृत बिरुदावलीत तर ‘व्हाइस अ‍ॅडमिरल’ ही पदवीही असे. तिचा संबंध सागरी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राशी होता. त्या पदवीच्या बळावर गव्हर्नर राजाच्या नौदलातली एक होडीसुद्धा हलवू शकत नव्हता.

ही अडचण चीनपुरती नव्हती आणि नवीही नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीचे स्वतःचे आरमार होते, बॉम्बे मरीन, आणि त्यावर मुंबई सरकारचा हुकूम चाले. राजाच्या नौदलाची गोष्ट वेगळी होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने १८०० च्या अखेरीस फ्रेंचांच्या मॉरिशसवर स्वारीची तयारी केली, त्रिंकोमालीला फौज जमवली, आणि व्हाइस अ‍ॅडमिरल पीटर रेनियरकडे जहाजे मागितली. राजाचा स्पष्ट आदेश नसताना आपण अशा मोहिमेत उतरणार नाही, असे रेनियरने कळवले. ज्या माणसाच्या शब्दावर नुकतेच श्रीरंगपट्टण घेतले गेले होते, त्याला एका अ‍ॅडमिरलच्या नकारापुढे बेत सोडावा लागला. ती फौज पुढे मुंबईमार्गे तांबड्या समुद्रातून इजिप्तला गेली. वेलस्ली मनातून किती संतापला असेल याची कल्पना करता येते, पण कायद्याच्या दृष्टीने रेनियरची बाजू भक्कम होती.

चीनच्या किनाऱ्यावर याच्या उलट घटना पहिल्या अफू युद्धात, १८४१ साली घडली. कॅप्टन चार्ल्स एलियट स्वतः नौदलाचा अधिकारी होता, पण चीनमध्ये तो पूर्णाधिकारी दूत म्हणून काम करत होता. मे महिन्याच्या अखेरीस जनरल गॉफ आणि नौदलाचा सर हम्फ्री सेनहाऊस दक्षिण चीनमधल्या कँटन (ग्वांगझू) शहराच्या तटाबाहेरच्या टेकड्यांवर पोहोचले होते आणि दुसऱ्या दिवशी हल्ला करायचा ठरले होते. एलियटने साठ लाख डॉलरच्या खंडणीचा करार करून तो हल्ला थांबवला. नौदलातल्या सेवाज्येष्ठतेने सेनहाऊस एलियटच्या वर होता, तरी त्याला थांबावे लागले. निषेध नोंदवण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते, आणि तीन आठवड्यांच्या आतच तो तापाने आपल्या जहाजावर मरण पावला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की दूताच्या अधिकाराची मर्यादा कळते. चाललेली मोहीम तो थांबवू शकत होता. न चाललेली मोहीम चालवणे त्याच्या हातात नव्हते.

आता सेमूर. ऑक्टोबर १८५६ मध्ये कँटनला ‘अ‍ॅरो’ या लहान जहाजावरचे खलाशी चिनी अधिकाऱ्यांनी पकडून नेले, तेव्हा तिथला कॉन्सल हॅरी पार्क्स अठ्ठावीस वर्षांचा होता. ‘अ‍ॅरो’ची ब्रिटिश नोंदणी त्यापूर्वीच संपली होती, आणि हाँगकाँगचा गव्हर्नर व पूर्णाधिकारी दूत सर जॉन बाउरिंग याला ते ठाऊक होते, तरीही दोघांनी माफीची मागणी ताणून धरली. आधी एक चिनी जंक (शिडाचे जहाज) पकडण्यात आला, पण तो सरकारी नव्हता. मग प्रकरण सेमूरकडे सोपवले गेले. सेमूरने नदीतले किल्ले घेतले, २९ ऑक्टोबरला शहराच्या तटाला भगदाड पाडून त्याची माणसे राजप्रतिनिधी ये मिंगचेनच्या वाड्यात शिरली, आणि त्याच दिवशी परत फिरली. परत फिरण्याचे कारण साधे होते : शहर ताब्यात ठेवण्याइतके पायदळ नव्हते. याच सुमारास बाउरिंगने मूळच्या तक्रारीत आणखी एक मागणी जोडली, ती म्हणजे परकीयांना कँटन शहरात प्रवेश मिळावा. ही त्याची कित्येक वर्षांची इच्छा होती. दूताने मागणी वाढवली, पण त्यासाठी लागणारे बळ अ‍ॅडमिरलकडे नव्हते. डिसेंबरात परकीय वखारी जळाल्या, जानेवारी १८५७ मध्ये सेमूरला कँटनसमोरून माघार घ्यावी लागली, आणि मार्चमध्ये याच प्रश्नावर पंतप्रधान पामर्स्टनचे सरकार संसदेत २६३ विरुद्ध २४७ मतांनी हरले.

माझ्या मते सेमूरच्या पुढच्या वागण्याची मुळे या चार महिन्यांत आहेत. त्याने एका दूताच्या आग्रहाखातर लढाई सुरू केली आणि ती पुरी करण्याचे साधन नसल्याने त्याच्या वाट्याला माघार आली. असा माणूस पुढच्या दूताची मागणी हातात पडताच जहाजे जुंपील, अशी अपेक्षा करता येत नाही. तो भित्रा मुळीच नव्हता; क्रिमियाच्या युद्धातल्या बाल्टिक समुद्राच्या मोहिमेत रशियन सुरुंगाच्या स्फोटात त्याचा एक डोळा गेला होता, आणि १ जून १८५७ ला फात्शानच्या खाडीतल्या लढाईत तो स्वतः होड्यांबरोबर होता.

एल्गिन जुलै १८५७ मध्ये हाँगकाँगला आला, तेव्हा त्याच्याजवळ फौजच नव्हती. सिंगापूरला त्याला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगची पत्रे मिळाली होती. उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटला होता आणि चीनसाठी निघालेल्या पलटणी एल्गिनने कलकत्त्याकडे वळवल्या. लंडनची अपेक्षा होती की त्याने उत्तरेला पैहो नदीच्या मुखाशी जाऊन पेकिंगच्या (बीजिंगच्या) दरबाराशी थेट बोलणे करावे. सेमूरचे मत होते की आधी कँटन घ्यावे, नाहीतर पाठीमागे अपमान तसाच राहील. फौज नाही आणि अ‍ॅडमिरल राजी नाही, अशा स्थितीत एल्गिन ‘शॅनन’ आणि ‘पर्ल’ ही दोन जहाजे घेऊन स्वतःच कलकत्त्याला गेला. त्या जहाजांवरच्या खलाशांच्या तुकड्या तोफांसह गंगेच्या खोऱ्यात लढायला गेल्या. कॅप्टन विल्यम पीलच्या तोफा लखनौपर्यंत पोहोचल्या. ही दोन जहाजे सोडायला सेमूरने आडकाठी केली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दोघांना एकच गोष्ट हवी असली की जहाजे विनातक्रार हलत. एल्गिन मात्र सप्टेंबरात परतला तो ‘आव्हा’ नावाच्या प्रवासी आगबोटीने, आणि सम्राज्ञीचा पूर्णाधिकारी दूत काही काळ त्या आगबोटीवरच राहिला. ज्याच्याजवळ स्वतःचे जहाज नाही, त्याच्या शब्दाचे वजन बंदरातला प्रत्येक जण जोखत असतो.

शेवटी कँटनच आधी, हे सेमूरचे म्हणणे टिकले. डिसेंबरच्या अखेरीस इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून शहर घेतले. एल्गिनला ही तोफांची सरबत्ती मनातून पटलेली नव्हती, हे त्याने घरी लिहिलेल्या पत्रांतून स्पष्ट दिसते. त्याचे डोळे पैहोकडे लागले होते. मार्च १८५८ च्या आरंभी त्याने सेमूरला कळवले की उथळ पाण्यात चालणाऱ्या गनबोटी महिनाअखेर शांघायला जमाव्यात. एप्रिलच्या मध्याला एल्गिन स्वतः ‘फ्युरियस’वरून पैहोच्या मुखाशी पोहोचला. रशिया, अमेरिका आणि फ्रान्सचे दूतही तिथे आले. गनबोटी आल्या नव्हत्या.

इथे पाण्याची खोली समजून घेतल्याशिवाय भांडण समजत नाही. पैहोच्या मुखाशी गाळाचा आडवा उंचवटा आहे. ओहोटीला त्यावर जेमतेम काही फूट पाणी उरते. मोठ्या युद्धनौकांना किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर नांगर टाकावा लागे, इतक्या दूर की नदीच्या मुखावरचे ताकूचे किल्ले क्षितिजावर पुसट दिसत. सेमूरची ध्वजनौका ‘कलकत्ता’ ही ८४ तोफांची, सागवानी लाकडाची, मुंबईच्या गोदीत बांधून १८३१ साली पाण्यात सोडलेली शिडाची नौका होती. उघड्या समुद्रात तिचा दरारा मोठा असेल, पण पैहोत तिचा उपयोग नव्हता. उपयोग होता तो क्रिमियाच्या युद्धासाठी घाईने बांधलेल्या लहान वाफेच्या गनबोटींचा, ज्या सहा-सात फूट पाण्यात चालत आणि ज्यांच्यावर दोन जड तोफा व चाळीसेक माणसे असत. एल्गिनच्या पूर्ण अधिकारांची सगळी किंमत या लहान बोटींवर अवलंबून होती, आणि त्या बोटी दुसऱ्याच्या हातात होत्या.

सेमूरच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्याच गनबोटींवर कँटनच्या नदीचा बंदोबस्त अवलंबून होता. लाखोंचे शहर काही हजार माणसांनी धरून ठेवले होते. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला चीनच्या किनाऱ्यावर ईशान्येचा मोसमी वारा वाहतो, म्हणजे उत्तरेला निघालेल्या बोटीच्या नेमका तोंडावर. लहान इंजिनाच्या, उथळ बुडाच्या बोटी त्या वाऱ्यात स्वतःच्या बळावर रेटणे धोक्याचे होते आणि त्या ओढत न्यायला मोठी जहाजे व कोळसा लागे. दर्यावर्दी माणसाला ही कारणे बहाणे वाटणार नाहीत. पण सेमूरची चूक माझ्या मते वेगळी आहे आणि ती गंभीर आहे : उशीर होणार हे त्याला दिसत असताना त्याने ते एल्गिनला वेळेवर आणि स्पष्ट सांगितले नाही. दूताने इतर तीन राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर मुदती घातल्या, आणि त्या मुदतींमागे बळ नाही हे किल्ल्यावरच्या चिनी सेनापतीला बुरुजावरून दिसत होते. त्या आठवड्यांत ताकूला नवी मातीची बांधकामे उभी राहिली. २० मे रोजी किल्ले घेतले गेले, २६ जूनला त्येनत्सिनचा तह झाला. म्हणजे परिणाम एल्गिनला हवा तसाच झाला. तरीही त्याने लंडनला अ‍ॅडमिरलविरुद्ध कडक शब्दांत तक्रार केली, आणि सेमूरने आपला बचाव तितक्याच ठामपणे मांडला.

सरकारने काय केले? दोघांनाही सांभाळून घेतले. सेमूरला १८५९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश बहुमानाचा सर्वोच्च दर्जा मिळाला आणि तो संसदेत निवडून गेला. एल्गिन मंत्रिमंडळात गेला आणि पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. वेळेच्या बाबतीत एल्गिन बरोबर होता, साधनांच्या बाबतीत सेमूर बरोबर होता, आणि दोघांना एकत्र बांधणारा एकही संयुक्त आदेश न काढणारे लंडन चूक होते, असे मी निःसंकोच म्हणेन. कारण निवाडा टाळल्याची किंमत पुढच्याच वर्षी चुकवावी लागली.

जून १८५९ मध्ये एल्गिनचा भाऊ फ्रेडरिक ब्रूस तहाच्या मंजुरीसाठी पेकिंगला निघाला. पैहोचा मार्ग अडवलेला होता. ब्रूसने तो मोकळा करण्याचे काम रिअर अ‍ॅडमिरल जेम्स होपकडे सोपवले. या वेळी दूत आणि अ‍ॅडमिरल यांच्यात कुरबूर नव्हती, आणि हाच धोका ठरला. आदल्या वर्षी सेमूरने पुरेशा बोटी जमेपर्यंत हलायला नकार दिला होता. होपने तसा नकार दिला नाही. २५ जूनला भरतीच्या पाण्यावर त्याने हल्ला चढवला. किल्ल्यांच्या तोफा आता अचूक होत्या, ओहोटीला उतरवलेली माणसे गुडघाभर चिखलात रुतली. मेलेले आणि जखमी मिळून चारशेहून अधिक माणसे गेली, तीन गनबोटी कायमच्या गमावल्या, होप स्वतः गंभीर जखमी झाला. मग लंडनमध्ये वाद सुरू झाला : हा पराभव कोणाचा? मार्ग मोकळा करा असे सांगणाऱ्या ब्रूसचा, की तो मोकळा करता येईल असे मानणाऱ्या होपचा? अधिकाराची रेघ जिथे पुसट असते तिथे जबाबदारीचीही रेघ पुसट राहते.

या सगळ्याचा एक निराळा प्रयोग १८६३ मध्ये झाला. ‘फ्युरियस’चा कॅप्टन शेरार्ड ऑस्बर्न, ज्याने एल्गिनला यांगत्सीतून हांकौपर्यंत नेले होते, तो चिनी सरकारसाठी इंग्लंडमध्ये विकत घेतलेल्या वाफेच्या जहाजांच्या ताफ्याचा प्रमुख होऊन आला. हा सौदा चिनी कस्टम खात्याचा प्रमुख होरेशिओ नेल्सन ले याने ठरवला होता, आणि त्याच्याशी झालेल्या करारात ऑस्बर्नने अट घातली होती की आपण फक्त सम्राटाचे आणि तेही लेच्या हातून आलेले हुकूमच मानू. चिनी सरकारातले राजपुत्र गोंग, झेंग ग्वोफान आणि ली होंगझांग यांनी हे साफ नाकारले. चीनच्या पैशाने घेतलेल्या जहाजांवर प्रांताच्या राज्यपालाचा हुकूम चालणार नाही, हे कोणते सरकार मान्य करील? ब्रिटिश अधिकाऱ्याला दोन धन्यांचा अनुभव कटू वाटत होता म्हणून त्याने एकच धनी मागितला, हे मी समजू शकतो; पण त्याने मागितलेला मार्ग एका परक्या माणसाच्या मनगटातून जात होता. ताफा नोव्हेंबरात बरखास्त झाला, लेची जागा रॉबर्ट हार्टने घेतली, आणि जहाजे काही मुंबईकडे, काही इंग्लंडकडे विक्रीसाठी रवाना झाली. ऑस्बर्न १८६५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा एजंट झाला. आपल्या बोरीबंदरच्या रेल्वेशी त्याचा असा संबंध आहे.

आता उत्तराच्या पहिल्या भागात मी म्हटले ते खालचे टोक. ऑगस्ट १८६८ मध्ये यांगझोऊला हडसन टेलरच्या ख्रिस्ती मिशनवर जमावाने हल्ला केला. शांघायचा कॉन्सल वॉल्टर मेडहर्स्ट ‘रिनाल्डो’ या युद्धनौकेच्या सोबतीने नानकिंगला भरपाई मागायला गेला. कमांडर आजारी पडला, जहाज शांघायला परतले, आणि त्याबरोबर वाटाघाटीही थंडावल्या. नोव्हेंबरात मेडहर्स्ट अधिक जहाजे घेऊन आला, नानकिंगपाशी एक चिनी सरकारी आगबोट अडवून ठेवली गेली, आणि मागण्या मान्य झाल्या. त्याच महिन्यात तैवानला हंगामी कॉन्सल गिब्सनने लेफ्टनंट गर्डनच्या साह्याने आनपिंगचा किल्ला हल्ला करून घेतला. पेकिंगमधला ब्रिटिश राजदूत सर रदरफर्ड अल्कॉक आणि हाँगकाँगचा अ‍ॅडमिरल यांनी एकमेकांना विचारून जे ठरवायचे, ते एका हंगामी कॉन्सलने आणि एका लेफ्टनंटने मिळून करून टाकले. एल्गिनला कित्येक आठवडे न मिळालेली गनबोट गिब्सनला मिळाली, कारण मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये कोणीही उभे नव्हते.

लंडनमध्ये डिसेंबर १८६८ मध्ये सरकार बदलून लॉर्ड क्लॅरेंडन परराष्ट्रमंत्री झाला, आणि त्याने या दोन्ही कारवाया स्पष्ट शब्दांत नापसंत केल्या. १८६९ च्या आरंभी परराष्ट्र खात्याकडून आणि अ‍ॅडमिरल्टीकडून एकाच आशयाच्या सूचना गेल्या : प्राणाला आणि मालमत्तेला तात्काळ धोका असेल तेवढाच अपवाद, बाकी तक्रार राजदूतामार्फत पेकिंगच्या सरकारकडे न्यावी, आणि बळ वापरायचे की नाही हे लंडन ठरवील. दोन खात्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट सांगितली, जे १८५७ मध्ये व्हायला हवे होते.

शांघायच्या व्यापाऱ्यांनी या सूचनांविरुद्ध बराच आरडाओरडा केला, आणि सूचना नेहमी पाळल्या गेल्याच असेही नाही. पण १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबई ते एडन तार समुद्रात टाकली, ते काम ज्या कंपनीचे होते तिच्या व्यवस्थापनात १८६७ मध्ये आला होता तोच शेरार्ड ऑस्बर्न. १८७१ मध्ये तारायंत्र हाँगकाँगला पोहोचले. यानंतर अ‍ॅडमिरल आणि दूत भांडले तर निवाड्यासाठी चार महिने थांबण्याची गरज राहिली नाही, आणि आदेश नव्हता म्हणून आपण स्वतः ठरवले, हे कारण दोघांनाही पूर्वीसारखे पुढे करता येईना.